प्रयत्नशैथिल्य : योगाभ्यासाचा विसरलेला अर्धा भाग



व्याख्यान ऐकायला बसलेल्या माणसाच्या शरीराला खरे तर काहीच काम नसते. पाठीचा भार खुर्चीने घेतलेला असतो, हातांना काही उचलायचे नसते, पायांना कुठे जायचे नसते. तरीही या क्षणी सभागृहातील प्रत्येकाने, बसण्याची ढब जराही न बदलता, केवळ आपले लक्ष खांद्यांकडे न्यावे. ते कानांच्या दिशेने थोडेसे वर चढलेले आहेत काय? वरचे दात खालच्या दातांवर टेकलेले आहेत काय? जीभ टाळूला दाबून धरलेली, भुवया जवळ आलेल्या, पोट आत ओढलेले, मांडीवरच्या हाताची बोटे आवळलेली, यांपैकी काही आढळते काय? बहुतेकांना यातली दोन-तीन ठिकाणे तरी सापडतील. आणि ज्यांना ती सापडली, त्यांचे खांदे एव्हाना कोणी न सांगता खाली आले असतील.

या साध्या अनुभवात आजच्या विषयाचा गाभा आहे. शरीर ताणलेले होते, पण ते ताणलेले आहे याची वार्ता त्याच्या मालकाला नव्हती. वार्ता पोहोचली आणि ताण उतरू लागला. मध्ये कोणतेही आसन केले नाही, औषध घेतले नाही. देहातील ताण घालवण्याची पहिली अट तो ठाऊक असणे ही आहे, आणि तो ठाऊक करून घेण्याचे शास्त्र या देशात फार प्राचीन काळापासून आहे.

दक्ष आणि आरम

मैदानावर वाढलेल्या कार्यकर्त्यांना दोन आज्ञा आयुष्यभर विसरता येत नाहीत, ‘दक्ष’ आणि ‘आरम’. ‘दक्ष’ ऐकताच शरीर ताठ होते, छाती पुढे येते, दृष्टी समोर स्थिरावते. ‘आरम’ ऐकताच पाय विलग होतात. परंतु प्रामाणिकपणे पाहिले तर त्या दुसऱ्या आज्ञेनंतर उभे राहण्याची रीत तेवढी बदललेली असते. मान, जबडा आणि कंबर यांच्यापर्यंत ती आज्ञा बहुधा पोहोचतच नाही. मैदानावर हे क्षम्य आहे, कारण तेथे पुढची आज्ञा लगेच येणार असते. प्रश्न मैदानाबाहेरच्या दिवसाचा आहे. पहाटेच्या गजरापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आजच्या माणसाचे शरीर न सांगता ‘दक्ष’ असते. गाडी पकडायची असते, वरिष्ठांचा दूरध्वनी यायचा असतो, मुलांच्या परीक्षा आणि घराच्या कर्जाचा हप्ता डोक्यात असतो. ‘दक्ष’ची आज्ञा देणारे शंभर आहेत. ‘आरम’ मात्र ज्याचा त्यालाच म्हणावा लागतो, आणि तो कसा म्हणायचा हे फारसे कोणी शिकवत नाही.

बलोपासनेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. समर्थांच्या मारुतीपासून औंधच्या संस्थानिकांनी घरोघरी आणि शाळाशाळांतून पोहोचवलेल्या सूर्यनमस्कारांपर्यंत ती अखंड वाहत आली आहे. या परंपरेचा अभिमान योग्यच आहे. पण शरीर आवळायला शिकणे हा शरीरसाधनेचा अर्धा भाग झाला. आवळलेले शरीर जाणीवपूर्वक सोडता येणे हा उरलेला अर्धा भाग होय. मूठ वळता येते पण उघडता येत नाही अशा हाताला कोणी बलवान म्हणणार नाही. त्याला आखडलेला हातच म्हणावे लागेल.

ताण नेमका कोठे असतो?

‘ताण’ हा शब्द हल्ली मनाशी इतका जोडला गेला आहे की तो मुळात शरीराचा शब्द आहे, दोरीचा आणि धनुष्याच्या प्रत्यंचेचा शब्द आहे, याचे विस्मरण होते. मनातील काळजीला देहात घर लागते, आणि ते घर म्हणजे स्नायू.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भय आणि क्रोध यांच्या प्रसंगी शरीरात होणाऱ्या बदलांची मांडणी केली. संकट समोर दिसताच हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, पचनाचे काम मंदावते, रक्त स्नायूंकडे वळते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. रानात ही सज्जता जीव वाचवते, आणि लढून किंवा पळून झाले की ती खर्चही होते. कार्यालयातील खुर्चीत बसलेल्या माणसाला ना लढता येते, ना पळता येते. सज्जता तशीच राहते आणि ती मानेत, खांद्यांत, जबड्यात, पाठीच्या खालच्या भागात साठत जाते.

आकुंचन पावून राहिलेला स्नायू आपल्यातूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणतो. त्याचा रक्तपुरवठा उणावतो, तो थकतो, दुखू लागतो, आणि दुखऱ्या भागाला जपण्यासाठी आजूबाजूचे स्नायूही आवळले जातात. पोट सतत आत ओढून धरले तर श्वासपटलाला पुरेसे खाली उतरता येत नाही. मग श्वास छातीच्या वरच्या भागातच चालू राहतो आणि मानेच्या स्नायूंना श्वासोच्छ्वासाचेही काम करावे लागते. प्रौढ माणसाचे डोके साधारणपणे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते कण्यावर नीट तोललेले असेल तर मानेला त्याचा भार फारसा जाणवत नाही. मोबाईलवर वाकलेले डोके मात्र मानेला मागून सतत ओढून धरावे लागते. संध्याकाळी ‘आज काही केले नाही, तरी अंग मोडून आले आहे’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या स्नायूंनी दिवसभर काम केलेले असते. त्या कामाची नोंद तेवढी कोठे झालेली नसते.

नोंद का होत नाही? कारण सतत एकसारख्या येणाऱ्या संवेदनेकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. बोटातली अंगठी किंवा नाकावरचा चष्मा थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, तसाच वर्षानुवर्षे आवळलेला खांदाही जाणवेनासा होतो. मग तीच त्या माणसाची स्वाभाविक अवस्था होऊन बसते. त्याला ‘सैल सोडा’ असे सांगितले तर तो प्रांजळपणे उत्तर देतो, ‘सैलच आहे की!’

येथे शरीररचनेतील एक मार्मिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हातापायांच्या, मानेच्या, पाठीच्या स्नायूंना आकुंचन पावण्याचा संदेश मज्जारज्जूकडून येतो. ‘सैल हो’ असा संदेश घेऊन जाणारा वेगळा चेतातंतू या स्नायूंकडे जात नाही. आकुंचनाचा संदेश थांबला की स्नायू आपोआप शिथिल होतो. म्हणजेच शैथिल्य ही करण्याची क्रिया नसून करणे थांबवण्याची क्रिया आहे. दात-ओठ खाऊन कोणालाही शिथिल होता येत नाही ते याचमुळे. जो जितका झटून सैल होऊ पाहील, तो तितका अधिक आवळला जाईल.

पतंजलींचे तीन सूत्रांतील आसन

आसनांची शेकडो चित्रे पाहिलेल्या आजच्या माणसाला आश्चर्य वाटेल, पण पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात आसन या विषयाला केवळ तीन सूत्रे दिली आहेत, ४६ ते ४८. पहिल्यात आसन कसे असावे ते सांगितले आहे : स्थिर आणि सुखकर. तिसऱ्यात त्याचे फळ सांगितले आहे : शीत-उष्णादी द्वंद्वांचा आघात न होणे. मधल्या सूत्रात ते साधायचे कसे याची दोन साधने आहेत, प्रयत्नशैथिल्य आणि अनंताच्या ठायी चित्ताची समापत्ती. त्यावरील भाष्यात व्यासांनी स्पष्ट केले आहे की प्रयत्न उपरम पावला म्हणजे आसन सिद्ध होते आणि अंगाचा कंप नाहीसा होतो.

आसनाचे साधन म्हणून प्रयत्न सांगितलेला नसून प्रयत्नाचे शैथिल्य सांगितले आहे, हे पुन्हा पुन्हा मनन करण्याजोगे आहे. याचा अर्थ आळस असा नव्हे. पाठ ताठ ठेवण्यासाठी जे स्नायू हवेत तेवढेच कामाला लागावेत आणि ज्यांचे तेथे काही काम नाही त्यांनी विश्रांती घ्यावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. पश्चिमोत्तानासनात हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोहोचले, पण चेहरा वेदनेने पिळवटलेला आणि श्वास कोंडलेला असेल, तर बाहेरून आसन दिसेल. सूत्राच्या अर्थाने ते अजून झालेले नाही.

पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत स्वात्मारामांनी शवासनाचा अंतर्भाव आसनांत केला आणि त्याची दोन फळे सांगितली : थकवा हरण करणे आणि चित्ताला विश्रांती देणे. जमिनीवर प्रेतवत पडून राहण्याला ‘आसन’ ही पदवी देणाऱ्या त्या आचार्याला पडून राहणे आणि शिथिल होणे यांतील अंतर निश्चितच ठाऊक होते. झोपेतही अनेकांचे दात खाल्ले जातात, मुठी वळलेल्या राहतात. शवासनात जाणीव जागी असते आणि शरीर विसावलेले असते. झोपेत ही जाणीवच मावळलेली असते.

आखाड्यातून प्रयोगशाळेकडे

ही जाण आधुनिक काळात प्रयोगाच्या कसोटीवर आणण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते आखाड्याच्या परंपरेतून आलेले होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. अंमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. यौगिक क्रियांच्या वेळी शरीराच्या आत प्रत्यक्ष काय घडते, हे क्ष-किरणांच्या आणि दाबमापकांच्या साहाय्याने पाहण्याचा तो आरंभ होता.

व्यायाम आणि आसन यांची गल्लत करू नये, हा कुवलयानंदांचा आग्रह होता. व्यायामात वेग, आवर्तने आणि जोर यांना स्थान आहे. आसनात सावकाशपणा, स्थिरता आणि ताणाचा अभाव यांना स्थान आहे. दोन्ही हवेत, पण एकाच्या जागी दुसरे ठेवून चालणार नाही. त्यांनी डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेला यौगिक उपचारावरील ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने १९६३ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, स्वामीजींचे निधन झाले.

याच विनेकरांचा सहभाग असलेला एक अभ्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि तो १९६९ साली परदेशातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवण्यात आले. श्वास संथ, पोटाने घ्यायचा आणि नाकपुड्यांशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष ठेवायचे, अशी ती पद्धत होती. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांच्या गटात सरासरी मध्यम रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरल्याची नोंद झाली. औषधांनी ज्यांचा दाब आटोक्यात होता अशा रुग्णांपैकी अनेकांची औषधाची मात्रा बरीच कमी करता आली. आजच्या काटेकोर निकषांनी पाहता तो अभ्यास लहान होता आणि त्यातील आकड्यांवरून सर्व रुग्णांसाठी निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. पण त्याने दार उघडले. इंग्लंडमधील डॉक्टर चंद्रा पटेल यांनी यौगिक शिथिलीकरण आणि शरीरातील बदल यंत्राद्वारे रुग्णाला कळवण्याची पद्धत यांची जोड घालून, ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून अभ्यास केला. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासातही शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा रक्तदाब अधिक उतरलेला दिसला.

पश्चिमेतही एका डॉक्टराने स्वतंत्रपणे याच ठिकाणी येऊन पोहोचावे, हे लक्षणीय आहे. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजून दाखवून दिले की निवांत बसलो आहोत असे वाटणाऱ्या माणसाचेही स्नायू काम करीत असतात. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील उपाय असा : एक एक स्नायुगट आधी जाणून-बुजून आवळावा, तो आवळल्याची संवेदना ओळखावी आणि मग सोडून द्यावा. ताण ओळखता आला तरच तो सोडता येतो, हे त्यांच्याही पद्धतीचे मर्म आहे.

आवळणे आणि सोडणे यांच्या या आवर्तनाला भारतीय परंपरेतही आधार आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांत चित्त लय पावू लागले, सुस्तावले, तर त्याला जागे करावे आणि विक्षिप्त झाले तर शांत करावे, असा विचार आला आहे. त्यावरून डॉ. एच. आर. नागेंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानात ‘आवर्तन ध्यान’ ही पद्धत विकसित झाली. तीत थोडा वेळ सावकाश आसन आणि मग थोडा वेळ विश्रांती असा क्रम डोळे मिटून चालतो. शर्ली टेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० पुरुषांचा प्राणवायूचा वापर मोजला गेला. शवासनानंतर तो सुमारे १० टक्क्यांनी, तर आवर्तन ध्यानानंतर सुमारे ३२ टक्क्यांनी उतरला. ज्यांना नुसते पडून राहिल्यावर विचारांचे थैमान जाणवते, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष आश्वासक आहे. आधी थोडी हालचाल करावी, मग विसावावे.

घरातच असलेला ठेवा

अवयवावरून अवयवावर लक्ष फिरवण्याची रीत मराठी घराला परकी नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. त्या स्तोत्रातील कवचाचा भाग मस्तकापासून आरंभ करून कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, भुजा, हात, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे असा उतरत पावलांपर्यंत जातो आणि शेवटी संपूर्ण देहाचा उल्लेख करतो. रामरक्षेचा हेतू रक्षणाची प्रार्थना हा आहे, स्नायू सैल करणे हा नाही. तिला व्यायामाचे रूप देणे उचितही नाही. तरीही दिवसाच्या अखेरीस देहाच्या प्रत्येक भागाचे आदराने स्मरण करण्याचा संस्कार त्यातून नकळत होत असे. पूजेतील अंगन्यास-करन्यासातही अवयवाला स्पर्श करून तेथे मंत्र स्थापन केला जातो. मुंगेरचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी आपली योगनिद्रेची पद्धत या न्यासाच्या परंपरेवरूनच रचली. मस्तकापासून पावलांपर्यंतच्या संवेदना समभावाने पाहण्याची विपश्यनेची साधना इगतपुरीत १९७६ पासून शिकवली जात आहे, आणि तिचेही मूळ या भूमीतच आहे. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी देहाकडे शत्रू किंवा यंत्र म्हणून न पाहता लक्षपूर्वक पाहावे, याबाबत त्यांचे एकमत आहे.

शवासनाचा क्रम

सतरंजी किंवा घोंगडी जमिनीवर अंथरावी. मऊ गादी टाळावी, कारण तीवर शरीराचा कोणता भाग उचललेला आहे हे कळत नाही. उताणे निजावे. मान मागे कलत असेल तर डोक्याखाली चादरीची घडी घ्यावी. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी ठेवावी. पायांत सुमारे हातभर अंतर, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे आकाशाकडे. डोळे मिटावेत.

प्रथम उजवी मूठ हळूहळू आवळावी, दंडापर्यंत ताण जाणवू द्यावा आणि सोडून द्यावी. सोडल्यानंतरचे काही क्षण फार महत्त्वाचे असतात. हात जड होतो, उबदार होतो, जमिनीत रुतल्यासारखा वाटतो. ती संवेदना नीट न्याहाळावी. मग डावा हात, मग एकेक पाय. खांदे कानांकडे नेऊन सोडावेत. चेहरा आवळून सोडावा. दातांत थोडे अंतर पडू द्यावे, जीभ तोंडाच्या तळाशी विसावू द्यावी.

त्यानंतर आवळणे थांबवून केवळ लक्ष फिरवावे, पायाच्या अंगठ्यांपासून मस्तकापर्यंत. टाच जमिनीला कोठे टेकते, कंबरेखाली पोकळी आहे काय, डावा खांदा उजव्याइतकाच टेकला आहे काय, हे पाहावे. त्यात सुधारणा करण्याची घाई करू नये. शेवटी श्वासाकडे यावे. श्वासाने पोट वर येते आणि खाली जाते एवढेच पाहावे. बाहेर जाणारा श्वास आपोआप थोडा लांबू लागला तर लांबू द्यावा. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर हृदयाची गती किंचित मंदावते, ही शरीराची स्वाभाविक रचना आहे. संथ, दीर्घ उच्छ्वासाने विश्रांतीची चेतासंस्था बळावते.

मन भरकटेल. ते भरकटले हे कळणे हाच अभ्यास. दहा ते पंधरा मिनिटांनी बोटे हलवावीत, कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे आणि हाताचा आधार घेऊन सावकाश उठावे. झटक्याने उठल्यास घेरी येऊ शकते.

काही सावधानता आवश्यक आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाने बरे वाटू लागले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो, त्यामुळे तेथे केवळ स्वतःला काय वाटते यावर विसंबता येत नाही. गर्भारपणाच्या उत्तरार्धात उताणे न निजता डाव्या कुशीवर निजावे. एखाद्या आघातानंतर ज्यांना डोळे मिटून स्थिर पडण्याने अस्वस्थ वाटते, त्यांनी डोळे उघडे ठेवून किंवा चालता चालता, जाणकाराच्या सोबतीने हा अभ्यास करावा. हातात बधिरता किंवा छातीत दाब जाणवत असेल तर तो ‘ताणच असेल’ असे गृहीत न धरता आधी तपासणी करून घ्यावी.

सतरंजीवरून व्यवहारात

पंधरा मिनिटांच्या शवासनाची खरी परीक्षा उरलेल्या दिवसात होते. ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीचे मनगट आणि दंड काम करतात ते आवश्यकच आहे. पण त्या वेळी तिचे खांदे वर चढलेले आणि दात आवळलेले असतील, तर ते श्रम वाया जातात. दुचाकीच्या हँडलला मूठ धरलेली पुरेशी आहे. ती गळा दाबल्यासारखी आवळण्याची गरज नाही. संगणकापुढे काम करणाऱ्याचा अवघड वाक्य लिहिताना श्वास थांबतो काय, हे त्याने पाहावे. सिग्नलला गाडी थांबली, दूरध्वनीची घंटा वाजली, उंबरठा ओलांडला, अशा रोजच्या खुणांना एकेक ‘आरम’ जोडून द्यावा : एक उच्छ्वास आणि खाली येणारे खांदे. एवढ्याला वेळ लागत नाही. फक्त आठवण लागते.

योगवर्ग चालवणाऱ्यांचे येथे विशेष दायित्व आहे. घड्याळाचा काटा तासाच्या शेवटाकडे सरकला की सर्वांत आधी कात्री लागते ती शवासनाला. साधक दोन मिनिटे पडतात आणि चपला शोधू लागतात. २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून २०१५ पासून जगभर साजरा होतो, ही प्रत्येक भारतीयाला आनंद देणारी घटना आहे. मैदानांवर एकाच वेळी हजारो हात उंचावलेले दिसतात. परंतु योगाचा दुसरा अर्धा भाग छायाचित्रात दिसत नाही. सैल झालेला जबडा, सुटलेली मूठ, लांबलेला उच्छ्वास यांची स्पर्धा भरवता येत नाही आणि त्यांना पदकही देता येत नाही. म्हणूनच तो भाग हरवण्याचा धोका अधिक. जगाने योग स्वीकारला आणि त्याच्या मूळ भूमीत मात्र तो कवायतीपुरता उरला, असे होऊ नये.

हे टाळणे वर्गशिक्षकांच्या हाती आहे. तासातील दहा मिनिटे शवासनासाठी राखून ठेवावीत, आणि ती अखेरीची उरलेली मिनिटे मानू नयेत. मुलांना सूर्यनमस्कार शिकवताना दोन नमस्कारांच्या मध्ये उभे राहून श्वास ऐकायला शिकवावे. वडीलधाऱ्यांनी घरात स्वतःचे आवळलेले कपाळ आधी पाहावे, मग मुलाला ‘शांत बस’ म्हणावे.

संस्कृतात निरोगी माणसाला ‘स्वस्थ’ म्हणतात, म्हणजे जो स्वतःच्या ठायी स्थित आहे तो. स्वतःच्या खांद्यात, श्वासात, पावलांत काय चालले आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो अजून स्वतःच्या घरी पोहोचलेला नाही. दक्ष राहणे हे कर्तव्य आहेच. पण जे धनुष्य कायम चढवलेले राहते त्याची लवचीकता जाते आणि ऐन प्रसंगी ते कामाला येत नाही. काम संपल्यावर प्रत्यंचा उतरवून ठेवणे हाही धनुर्धराच्या शिस्तीचाच भाग होय.

आता व्याख्यान संपत आले आहे. उठण्यापूर्वी प्रत्येकाने आपले खांदे पुन्हा एकदा पाहावेत. ते पुन्हा वर चढले असतील तर त्यात खेद मानण्याचे कारण नाही. कळले, एवढे पुरे आहे. ते खाली येऊ द्यावेत, एक दीर्घ श्वास सोडावा, आणि मगच उठावे.